भिंत लाल की निळी? दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू एकच रंग का दाखवतो?

पागोळ्या | ६ जुलै, रात्री १०.१५

थोरलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. अप्पा बळवंत चौकातून पुठ्ठा आणि जिलेटीन कागद आणले आणि तिने चष्मा केला. उजव्या डोळ्यापुढे लाल कागद, डाव्यापुढे निळा. तिची कल्पना अशी की लाल आणि निळा मिळून भिंत जांभळी दिसेल, मग 'रंगांचे मिश्रण' असा तक्ता करू.

जांभळी दिसलीच नाही. मी चष्मा घालून हॉलच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत बसले. आधी सगळी भिंत लाल. दोन-तीन सेकंदांनी खालच्या कोपऱ्यातून निळा चढायला लागला, पावसाळ्यात भिंतीला ओल चढते तसा, आणि लाल पुसला गेला. थोड्या वेळाने लाल परत. मधल्या काळात नुसती ठिगळं. कॅलेंडरपाशी लाल, त्याच्या शेजारी निळं, आणि ती ठिगळं सरकत होती. लाल धरून ठेवायचं ठरवलं, अगदी हट्टाने, तरी निळा आलाच.

मग घरातल्या प्रत्येकाला चष्मा लावला. नवऱ्याचे रंग भराभर बदलतात, सासूबाईंचे सावकाश. धाकट्याने (वय सहा, पहिलीत) "लालच आहे" म्हणून चष्मा काढून टाकला आणि खेळायला गेला.

थोरलीने विचारलं, आई, निळा रंग डोळ्यात जातोय ना, मग दिसत नाही तेव्हा तो असतो कुठे? उत्तर देता आलं नाही. इथे कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि हे बदलतं कोण? मी तर नाही.

नळस्टॉप | ६ जुलै, रात्री १०.३१

कपाटात पूर्वीचा पुठ्ठ्याचा थ्रीडी चष्मा सापडला, लाल-निळाच. दहा मिनिटं भिंतीकडे बघतोय. बायको विचारतेय काय झालं.

सेकंदकाटा | ६ जुलै, रात्री ११.०५

माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. लक्ष्मी रोडला एका जिन्याखाली दोन हात रुंदीची जागा होती. उजव्या डोळ्यात भिंग अडकवलेलं, आणि डावा डोळा सताड उघडा. लहानपणी मला वाटायचं, डावा डोळा मिटला की काम सोपं होईल. विचारलं तर म्हणाले, "मिटून दिवसभर बसलास तर संध्याकाळी चेहरा दुखेल. डोळा उघडा ठेवायचा, फक्त त्याचं ऐकायचं नाही."

मी बसून बघितलं. पहिले काही दिवस भिंगातलं चक्र आणि टेबलावरची चहाची कपबशी एकावर एक यायची. चक्र दिसतंय दिसतंय म्हणेपर्यंत बशीची कड मधून जायची. पंधरा-वीस दिवसांनी बशी यायची बंद झाली. डोळा उघडाच, बशी समोरच.

पागोळ्या, तुमच्या लेकीचा प्रश्न मला चाळीस वर्षं पडलेला आहे.

मेंदूवेडी | ७ जुलै, सकाळी ७.५०

धागा वाचून झोप उडाली, कारण मी याच विषयाच्या आसपास काम करते. जमेल तेवढं सांगते.

याला द्विनेत्री स्पर्धा म्हणता येईल. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं मिळाली तर मेंदू ती जोडतो आणि त्यातून खोली कळते. चित्रं जुळण्यापलीकडे वेगळी असली की मेंदू त्यांची खिचडी करत नाही, पाळी लावतो. इटलीत जाम्बातिस्ता देल्ला पोर्ताने १५९३ मध्येच लिहून ठेवलंय की दोन डोळ्यांपुढे दोन वेगळी पुस्तकं धरली तर एका वेळी एकच वाचता येतं. चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपची, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणाऱ्या उपकरणाची, माहिती प्रसिद्ध केली. त्यात त्याने एका डोळ्याला एस आणि दुसऱ्याला ए अक्षर दाखवलं. त्यालाही अक्षरं आळीपाळीने दिसली, आणि बदलताना तुकडे तुकडे झाली. तुमची ठिगळं तीच.

बदल का होतो याचं आज सर्वसाधारण मान्य चित्र असं. लाल सांगणारा पेशींचा गट आणि निळा सांगणारा गट एकमेकांना दाबतात. जो वरचढ असतो तो जोरात काम करतो, म्हणून दमतो. दमला की दाब सैल होतो आणि दुसरा उसळी मारतो. त्यात मेंदूतल्या पेशींचा आपसूक होणारा गोंगाट मिसळतो, म्हणून बदलाला घड्याळासारखी लय नसते. एकदा दोन सेकंद, एकदा सात. मात्र सरासरी वेग माणसागणिक ठरलेला असतो, जुळ्यांच्या अभ्यासात तो बराचसा अनुवांशिक निघाला. वय वाढतं तसा वेग मंदावतो, त्यामुळे तुमच्या सासूबाईंचं अगदी बरोबर आहे.

तालीम | ७ जुलै, सकाळी ८.२०

मेंदूवेडी, ही तर कुस्ती झाली. वरचा पैलवान खालच्याला दाबून धरतो, पण दाबून धरण्यातच त्याचा दम जातो. खालचा पडल्या पडल्या दम खात असतो. मग एक क्षण असा येतो की वरच्याचा हात जरा घसरतो आणि खालचा वर.

मेंदूवेडी | ७ जुलै, सकाळी ८.३४

तालीम, आमच्या आकृत्यांपेक्षा हे बरं आहे. हात घसरणं म्हणजे गोंगाट, दम जाणं म्हणजे थकवा. फक्त या कुस्तीत कुणी चितपट होत नाही. निदान व्हायला नको.

रोखठोक | ७ जुलै, दुपारी १.१२

मला पटलं नाही. एकाच रंगाकडे टक लावली की डोळ्यालाच त्या रंगाची सवय होते आणि तो फिका पडतो. लाल फिका पडला म्हणून निळा दिसला, निळा फिका पडला म्हणून लाल. यात मेंदूला कशाला आणायचं? आणि वडील भिंगातून बघताना डावीकडे लक्ष देत नव्हते, इतकंच.

सेकंदकाटा | ७ जुलै, दुपारी १.४०

लक्ष न देणं वेगळं हो. आत्ता पंख्याच्या आवाजाकडे माझं लक्ष नाही, पण दिलं तर लगेच ऐकू येतो. बशी मी शोधली तरी दिसत नसे. तिला परत आणायला डोळ्यांची उघडझाप करावी लागायची.

मेंदूवेडी | ७ जुलै, रात्री ९.०२

रोखठोक, शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही होती. म्हणून १९९६ मध्ये लोगोथेटिस, लिओपोल्ड आणि शाइनबर्ग यांनी एक छान प्रयोग केला. एका डोळ्याला उभ्यासारख्या रेघा, दुसऱ्याला आडव्यासारख्या, आणि ती चित्रं दर सेकंदाला साधारण तीन वेळा डोळ्यांमध्ये अदलाबदल करायची. डोळ्यांची कुस्ती असेल तर माणसाला रेघा सेकंदाला तीनदा बदलताना दिसायला हव्यात. तसं झालं नाही. एकच दिशा कित्येक सेकंद टिकून राहिली, म्हणजे ती डोळ्याकडून डोळ्याकडे उड्या मारत होती तरी माणसाला एकसंध दिसली. तिथे चित्रांची कुस्ती होती.

माकडांवरचंही काम आहे. त्यांना तरफ दाबून 'आता हे दिसतंय' असं सांगायला शिकवलं. दृष्टीच्या पहिल्या थांब्यावरच्या पेशींपैकी फार थोड्या, पाचातली एक म्हणा, माकडाला काय दिसतंय त्याप्रमाणे बदलत होत्या. बाकीच्या दोन्ही चित्रांना प्रतिसाद देतच होत्या. कानशिलामागच्या वरच्या थांब्यावर मात्र दहातल्या नऊ पेशी माकडाच्या सांगण्याप्रमाणे चालत होत्या. १९९७ ची गोष्ट.

थोरलीला हे सांगा. निळा दिसत नाही तेव्हाही मेंदूच्या दारापर्यंत आलेला असतो. आत बोलावलेलं नसतं.

मात्र डोळ्याच्या पातळीवर काहीच घडत नाही असंही नाही. चित्रं स्थिर ठेवली तर एकेका डोळ्याचा वाटा मोठा असतो. भांडण एका मजल्यावर नाही, अख्ख्या वाड्यात आहे.

रोखठोक | ७ जुलै, रात्री ९.४५

तीनदा अदलाबदल करूनही एकच दिसतं हे मला माहीत नव्हतं. मागे घेतो. थकवा आहे, पण फक्त डोळ्याचा नाही.

फरशीपुसणं | ८ जुलै, सकाळी ११.१८

चष्मा न लावताही असं होतं ना? सदाशिव पेठेत आजोळी जुन्या सिमेंटच्या रंगीत फरश्या होत्या, पांढरा-करडा-काळा असे तीन चौकट तुकडे जोडलेल्या. त्यात ठोकळे दिसायचे. दुपारी सगळे झोपले की मी त्यावर पालथी पडून बघायची. ठोकळे वर आलेले असायचे, आणि बघता बघता सगळेच्या सगळे आत जायचे, कोनाडे व्हायचे. एकदा कोनाडे झाले की मला त्यावर पाय ठेवायची भीती वाटायची. आजी म्हणायची सपाट आहे गं, हात लावून बघ. हात लावला की सपाट लागायचं आणि दिसायचं खोलच.

मेंदूवेडी | ८ जुलै, दुपारी १२.०५

अगदी त्याच घरातलं आहे हे. स्विस स्फटिकतज्ज्ञ लुई आल्बेर नेकर स्फटिकांच्या आकृत्या बघत असताना त्या डोळ्यादेखत उलटायच्या. १८३२ मध्ये त्याचं पत्र छापून आलं. नेकरचा घन म्हणतात तो हाच. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिनचं १९१५ मधलं फुलदाणी आणि दोन चेहऱ्यांचं चित्रही त्यातलंच. तिथे दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळतं, तरी अर्थ दोन, आणि एका वेळी एकच.

जुना वाचक | ८ जुलै, दुपारी ३.३०

अजिंठ्याला पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरलेली आहेत आणि डोकं एकच. पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्याबरोबरच्या मुलांनी मोजून मोजून भांडण केलं. हे डोकं बसलेल्या हरणाचं म्हटलं की बाकीची तिन्ही बिनडोक्याची होतात, पण तसं दिसत मात्र नाही. डोकं दुसऱ्याला दिलं की पहिलं गप्प बाजूला होतं. ज्या कारागिराने हे कोरलं त्याला बघणाऱ्याच्या मनात काय होतं ते पक्कं ठाऊक असणार. नेकर-रुबिन यांच्या कितीतरी शतकं आधी.

तीनताल | ८ जुलै, रात्री ८.१५

कानालाही होतं. एकसारख्या सहा टाळ्या वाजवत राहा. तीन-तीन मोजा, मग दोन-दोन मोजा. हात तेच करत असतो आणि ठेका पूर्ण बदलतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी रेल्वेच्या खडखडाटावर हे करायला सांगतो.

आणि आपल्याकडची सगळ्यांत जुनी गोष्ट विसरू नका. वाल्याला 'राम' म्हणता येईना म्हणून 'मरा मरा' म्हणायला सांगितलं. आत्ता मोठ्याने पंधरा-वीस वेळा म्हणा, न थांबता. मरामरामरा. केव्हा राम झालं ते सांगा.

नळस्टॉप | ८ जुलै, रात्री ८.२२

सातव्या वेळेला. आणि मग परत मरा. बायको आता खरंच काळजीत आहे.

मेंदूवेडी | ८ जुलै, रात्री ८.५०

तीनताल, सुंदर! एकच शब्द टेपवर पुन्हा पुन्हा ऐकवला की लोकांना वेगवेगळे शब्द ऐकू यायला लागतात, हे रिचर्ड वॉरन यांनी १९६१ मध्ये मांडलं. 'मरा'चं उदाहरण मी आता वर्गात देणार.

दृष्टीरेषा | ९ जुलै, सकाळी ६.४०

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, लहान मुलांचे डोळे तपासते. सगळी चर्चा आवडली, पण मला पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य टोचतंय.

पागोळ्या, धाकट्याला 'लालच' दिसलं म्हणालात. तो कंटाळला असेल, प्रश्न कळला नसेल, सहा वर्षांच्या मुलाचं काहीही असू शकतं. शिवाय निळा जिलेटीन कागद लालपेक्षा गडद असतो, म्हणूनही लाल वरचढ ठरू शकतो. त्यामुळे घाबरू नका. एक करा. चष्मा उलटा करा, म्हणजे लाल डाव्या डोळ्यावर आणि निळा उजव्यावर, आणि त्याला परत विचारा. तेव्हाही फक्त लालच म्हणाला तर दोष बहुधा कागदाचा. पण 'आता सगळं निळं' म्हणाला आणि लाल येतच नसेल, तर तो एकाच डोळ्याचं ऐकतोय.

तो टीव्ही बघताना मान तिरकी करतो का? चेंडू झेलताना चुकतो का?

पागोळ्या | ९ जुलै, रात्री ९.३०

दृष्टीरेषा ताई, उलटा करून लावला. आधी काही न सांगता, गोष्ट सांगता सांगता विचारलं भिंत कुठल्या रंगाची. "निळी." पाच मिनिटं बसवला. शेंगदाण्याची चिक्की हातात दिली म्हणून बसला. निळीच. एकदाही लाल नाही.

मग मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि समोरच्या कॅलेंडरवरचा मोठा आकडा वाच म्हटलं. त्याने मान वळवली आणि माझ्या बोटांच्या फटीतून उजव्या डोळ्यानेच बघायला लागला. मी हात घट्ट केला तर चिडला, हात ढकलून दिला. डाव्यावर हात ठेवला तेव्हा आरामात वाचलं.

चेंडू चुकतो. आम्ही त्याला धांदरट म्हणायचो.

शाळेत डोळे तपासले होते. दोन्ही डोळे उघडे ठेवूनच तक्ता वाचून घेतला होता आणि 'उत्तम' असा शेरा मिळाला होता.

दृष्टीरेषा | ९ जुलै, रात्री ९.४८

फटीतून बघणं हे आम्ही रोज बघतो. या आठवड्यात लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे जा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर काढून घ्या. घरचा चष्मा हे निदान नाही, पण जायला कारण पुरेसं आहे. वय सहा म्हणजे वेळेत आहात.

शेवंती | १० जुलै, सकाळी १०.००

पागोळ्या, माझ्या भाच्याला होतं हे. आता कॉलेजात आहे, गाडी चालवतो. काळजी करू नकोस गं.

मातीकाम | १० जुलै, रात्री ११.५०

सध्या आमचे दिवस रात्रीचेच, सीझन जवळ आलाय. म्हणून उशिरा लिहितो.

गणपतीच्या साच्याचं सांगतो. पुढचा अर्धा साचा आतून पोकळ, म्हणजे सोंड, गाल, कपाळ सगळं आत गेलेलं. तो भिंतीला टेकवून ठेवतो आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला जातो. तिथून एक डोळा मिटून बघितलं की गणपती पूर्ण फुगीर, बाहेर आलेला. आणि आपण डावीकडून उजवीकडे चाललो की तो मान वळवून आपल्यामागे बघतो. नवीन पोरं आली की आम्ही हे दाखवतो, एक-दोघं घाबरतात. मी तीस वर्षं याच साच्यात शाडू भरतोय, माझ्या बोटांना प्रत्येक खळगा पाठ आहे. तरी लांबून फुगीरच.

हे पण बदलणारं आहे का? कारण जवळ येत गेलो की एका ठिकाणी झपकन आत जातो.

मेंदूवेडी | ११ जुलै, सकाळी ७.३०

हो, आणि फार सुंदर उदाहरण आहे. पोकळ मुखवट्याचा भ्रम म्हणतात, रिचर्ड ग्रेगरी यांनी त्यावर पुष्कळ लिहिलंय. मेंदूने जन्मभर बाहेर आलेलेच चेहरे बघितलेत. लांबून दोन डोळ्यांची खोलीची माहिती क्षीण असते, तेव्हा ती ओळख जिंकते. जवळ आलात की दोन डोळ्यांचा पुरावा जड होतो आणि झपकन उलटतं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना हा भ्रम कमी होतो, त्यांना पोकळ ते पोकळच दिसण्याची शक्यता जास्त असते.

जुना वाचक | ११ जुलै, सकाळी ९.१५

इथे मला एक प्रश्न आहे. आपल्याकडे दोरी आणि सापाचा दृष्टांत हजार वेळा ऐकलाय. अंधारात दोरी साप वाटते, दिवा आणला की साप गेला, पुन्हा येत नाही. ज्ञान झालं की भ्रम संपला. पण मातीकामांना तीस वर्षांचं ज्ञान आहे आणि भ्रम जागेवर. फरशीपुसणं हात लावून बघत होत्या. मग दृष्टांत अपुरा आहे का?

पर्वतीपायथा | ११ जुलै, दुपारी ४.०५

अपुरा नाही, वेगळ्या गोष्टीचा आहे असं मला वाटतं. दोरीला सापाचा अर्थ पुराव्याअभावी चिकटला होता, पुरावा आला, प्रकरण मिटलं. ठोकळ्याच्या चित्रात दोन्ही अर्थांना पुरावा सारखाच आहे, कितीही दिवे लावा. तिथे मिटण्यासारखं काही नाहीच. साच्याचं प्रकरण मधलं.

मी वीस वर्षं ध्यान करतो आणि मला विचारायचंय की हा बदल साधनेने थांबवता येतो का?

मेंदूवेडी | ११ जुलै, रात्री १०.२०

थोडाफार. २००५ मध्ये ऑलिव्हिया कार्टर, जॅक पेटिग्र्यू आणि सहकाऱ्यांनी आपल्याच हिमालयात, लडाख-झंस्कारकडच्या तिबेटी भिक्षूंना असे चष्मे लावले. एका बिंदूवर चित्त एकाग्र करण्याच्या ध्यानात, आणि त्यानंतरही, अनेकांचे बदल खूप लांबले, काहींना चित्र स्थिरच राहिलं. करुणेच्या ध्यानाने असा फरक पडला नाही. म्हणजे पागोळ्यांनी जो हट्ट केला तो वाया जाणारा नव्हता, पण त्याला बरीच वर्षं लागतात.

पर्वतीपायथा | १२ जुलै, सकाळी ६.१०

आज पहाटे बसलो चष्मा लावून. मला तर हट्ट सोडल्यावर बदल सावकाश झाल्यासारखा वाटला. एका दिवसाचा अनुभव आहे, जास्त काही म्हणत नाही.

नळस्टॉप | १४ जुलै, रात्री ८.४०

मेट्रोत एक दिसलं. पिंपरीकडून येत होतो, पाऊस, संध्याकाळ. रेंज हिलपर्यंत गाडी वरून जाते तेव्हा काचेत बाहेरचे दिवे आणि आतल्या लोकांचं प्रतिबिंब, दोन्ही. कधी झाडं दिसायची आणि माणसं विरायची, कधी समोरच्या आजींची नऊवारी दिसायची आणि झाडं जायची. मग शिवाजीनगरला जमिनीखाली गेलो आणि उरला नुसता आरसा. इतकी वर्षं खिडकीतून बघतोय, हे आत्ता बघितलं.

पागोळ्या | २० जुलै, रात्री १०.४०

जाऊन आलो. आळशी डोळा, अँब्लिओपिया. उजवा डोळा ६/६, डावा ६/२४, म्हणजे इतरांना चोवीस मीटरवरून दिसतं ते त्याला सहा मीटरवरून दिसतं. डाव्याला पाचाचा प्लस नंबर आहे, उजव्याला जवळजवळ नाही.

तिथे चार दिव्यांची तपासणी केली. उजव्या डोळ्यावर लाल काच, डाव्यावर हिरवी, आणि समोर चार ठिपके, एक लाल, दोन हिरवे, एक पांढरा. किती दिसतात म्हटल्यावर हा ठामपणे म्हणाला "दोन. दोन्ही लाल." मी शेजारच्या खुर्चीत बसून चार मोजत होते. आमच्या भिंतीचीच ती छोटी आवृत्ती होती.

आधी दोन महिने फक्त चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी. दृष्टीरेषा ताई, तुम्ही ते वाक्य वाचलंत नसतं तर आम्ही त्याला अजून धांदरटच म्हणत बसलो असतो.

तालीम | २० जुलै, रात्री ११.०२

म्हणजे खालचा पैलवान उठायचंच विसरला.

दृष्टीरेषा | २१ जुलै, सकाळी ६.३०

तालीम दादा, तुमचीच उपमा पुढे नेते. डाव्या डोळ्याकडून कायम धूसर चित्र आलं. धूसर आणि स्पष्ट जुळेना, म्हणून मेंदूने धूसर दाबून टाकलं, आणि रोज दाबत राहिला. मेंदूवेडीने सांगितलेली पाळी लागण्यासाठी दोघं तुल्यबळ लागतात. ह्युबेल आणि वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने झाकून ठेवला, तर मेंदूतली त्या डोळ्याची जागा दुसऱ्याने घेतली. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे चांगली गोष्ट ही की लहान वयात ती जागा बरीच परत मिळवता येते.

चष्मा लावला की खालच्याला आधी नीट खुराक मिळतो. पट्टी म्हणजे वरच्याचा हात रोज थोडा वेळ बांधून ठेवणं. मध्यम प्रमाणात असेल तर रोज दोन तास पुष्कळदा पुरतात. सात वर्षांच्या आतल्या मुलांच्या २००३ मधल्या एका मोठ्या अभ्यासात दोन तास आणि सहा तास यांच्यात फरक दिसला नव्हता. डॉक्टर सांगतील तेवढेच तास, मनाने वाढवू नका. आणि त्या वेळात जवळचं बारीक काम द्या.

सेकंदकाटा | २१ जुलै, दुपारी १२.१५

वडिलांचा डावा डोळा म्हातारपणापर्यंत चांगला राहिला. आता कळतंय की ते रोज संध्याकाळी भिंग काढायचे म्हणून. ताई, असंच ना?

दृष्टीरेषा | २१ जुलै, दुपारी २.४०

मोठ्या माणसाच्या मेंदूत जागा कधीच पक्क्या झालेल्या असतात, त्यामुळे भिंगाने त्यांचा डोळा आळशी होणार नव्हता. बशी त्यांच्या मेंदूने कामापुरती बाजूला ठेवली. लहान पोराची गोष्ट वेगळी.

पागोळ्या | २४ सप्टेंबर, रात्री ९.१०

पट्टी सुरू झाली. पहिल्या दिवशी ओरडून घर डोक्यावर घेतलं. जग एकदम पुसट झालं असणार त्याचं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला मांडीशी बसवून मोड आलेले वाल सोलायला दिले. साल सुटते की नाही ते डोळ्यापाशी नेऊन बघत होता. दोन तासांत एक वाटी. बिरडं त्याच्या नावाने झालं. आता संध्याकाळी पाच ते सात हीच वेळ ठरली आहे, कधी वाल, कधी मणी ओवणं, कधी ठिपक्यांची रांगोळी.

थोरलीने प्रदर्शनात तक्ता बदलला. 'रंगांचे मिश्रण' खोडून 'भिंत लाल की निळी?' आणि खाली दोन प्रकारे चष्मा लावून बघायची सूचना.

शेवंती | २४ सप्टेंबर, रात्री ९.२५

आजींना नमस्कार सांग.

पागोळ्या | २२ नोव्हेंबर, रात्री १०.००

आज तपासणी होती. डावा ६/१२. पुन्हा चार दिवे. या वेळी तो उत्तर देईना. डॉक्टरांनी परत विचारलं तर वैतागून म्हणाला, "मोजू कसे? कधी चार होतात, कधी दोनच राहतात. एका जागी थांबवा ना."

घरी येऊन त्याने स्वतःच तो जिलेटीनचा चष्मा शोधला. निळा म्हणे खिडकीपाशी आला होता, थोडासाच, आणि गेला. पट्टी अजून चालू ठेवायची आहे.

फरशीपुसणं | २३ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

पागोळ्या, आमच्या पहिलीच्या वर्गासाठी तसे तीस चष्मे करायचे आहेत. पालकसभेत नीट समजावून देईन की ही तपासणी नव्हे, शंका आली तर डॉक्टर. जिलेटीन कागद एकेरी लावला की दुहेरी?

पागोळ्या | २३ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

लाल दुहेरी, निळा एकेरी, म्हणजे दोन्हींचा गडदपणा साधारण सारखा होतो. पुठ्ठा नाकापाशी खोल कापा, नाहीतर खालून उजेड येतो. शनिवारी थोरलीला घेऊन येते, कापायला दोघी लागतील.